हरणाबाईची टाच

“सांगतो, पण ऐकून झाल्यावर मला लबाड म्हणायचं न्हाई,” मी पाहुण्यांना आधीच बजावलं. “ह्यावर इस्वास ठेवणारा माणूस अजून जलमाला यायचाय.”

पाहुणे म्हणजे शेजारच्या वाडीचे पाच-सहा जण. त्यांच्याही ओढ्यातून रस्ता न्यायचा घाट चालला होता, म्हणून आमचा ओढा कसा वाचला ते बघायला मुद्दाम आले होते. त्यांचा सरपंच केरबा करंजाच्या सावलीत फेटा काढून ऐसपैस बसला. समोर झरा. झऱ्याच्या काठावर राहीबाई करवंटीनं घागर भरत होती. ही हरणाबाईची लेक. मी काय सांगणार ते तिला पाठ होतं, त्यामुळे ती आधीच पदराआड हसत होती.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. आमच्या माण तालुक्यात पाऊस एरवीही पाहुण्यासारखाच येतो, पण त्या दोन वर्षांत पाहुणा वाटच चुकला. ऊन म्हणजे काय ऊन! रेशनवरचा मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी, बैलगाडीतून आणावा, तर वाटेतच त्याच्या लाह्या व्हायच्या आणि पोती फुगून रस्त्यानं उतू जायची.

“लाह्या?” केरबानं विचारलं.

“लाह्या. मीठ तेवढं घरी जाऊन लावायचं.”

केरबानं मान हलवली. मी पुढे निघालो.

वाडीतल्या साऱ्या विहिरी आटल्या. जिता राहिला फक्त हा झरा, आणि तो राखायला हरणाबाई. तिला ना जमीन, ना मेंढरं. नवरा मुंबईला गोदीत गेला तो तिकडचाच झाला. तांबडं फुटलं की ही बाई झऱ्याच्या तोंडाशी येऊन बसायची आणि करवंटीनं एकेकाची घागर भरून द्यायची. करवंटीभर पाणी झिरपायला वेळ लागायचा. तोवर ती गप्प बसायची आणि भांडायला आलेली बाईसुद्धा तिच्याकडे बघून गप्प व्हायची. नंबर मोडायची कुणाची छाती नव्हती. बदल्यात कुणी भाकरी द्यायचं, कुणी कोरड्यास. जन्मभर तिनं एवढंच केलं.

तिला हौस एकच. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला ती दरवर्षी डोक्यावर गाठोडं घेऊन चालत जायची. “एक डाव यष्टीत बसायचं हाय, आप्पा,” मला म्हणायची. “खिडकीला. पाय वर घिऊन.”

आणि त्याच साली आमच्या वाडीला रस्ता मंजूर झाला. दुष्काळी काम! वाडीचं जणू लग्नघर झालं. खडी फोडायला हात मिळणार, चुली पेटणार, वर यष्टीही येणार. ओव्हरसियर साहेब तिवई आणि दुर्बीण घेऊन आले आणि त्यांच्या माणसांनी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. रेघ माळावरून निघाली, सरळ ओढ्यात शिरली, करंज, जांभूळ, उंबर यांच्या मधून गेली आणि बरोबर झऱ्यावर चढली.

सगळे रेघेकडे बघत राहिले. काम नको म्हणावं तर खायचं काय? हो म्हणावं तर प्यायचं काय?

हरणाबाई करवंटी हातात घेऊन उठली. “सायेब, ह्यो मुरूम झऱ्यात पडंल.”

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “बाई, झरा केवढा? घमेलंभर. तो सोडून पाच हात बाजूनं घेतो.”

“झरा घमेलंभर हाय. पर पानी कुठनं येतंय?”

“ते कुणाला ठाऊक?”

“माज्या टाचंला.”

तिनं पायातल्या फाटक्या चपला काढल्या आणि ऐन बाराच्या उन्हात अनवाणी चालायला लागली. जमीन तव्यासारखी. मी तिच्यामागून दोन पावलं गेलो, तर माझ्या चपलांचे तळ वितळून जमिनीला चिकटले. दिवस मावळेपर्यंत मी तिथंच उभा होतो, म्हणूनच मला सगळं नीट दिसलं. हरणाबाई एकेक टाच टेकायची, थांबायची आणि बोलायची, “हितं पोळतंय. हितंबी पोळतंय. हितं न्हाई पोळत.” न पोळणारी जागा आली की वाडीतल्या बाया तिथं राख टाकायच्या. सरकारची रेघ फक्कीची, आमची राखेची. ऐंशी चुलींची राख त्या दिवशी ओढ्यावर आली.

राखेची रेघ झऱ्यापासून वर चढली, करंजाच्या मुळ्यांशी वळली, उंबराला वेढा घालून टेकडीच्या पायथ्याला लागली. तिच्यामागून नाथाजी मेंढपाळाची दोनशे मेंढरं निघाली, एकामागे एक, आणि एकाचाही खूर राखेबाहेर पडला नाही.

“मेंढरं?” पाहुण्यांतला एक जण म्हणाला.

“पुढचा एडका तर वळणावर थांबून मागच्यांना मोजत होता.”

राहीबाई खुदकन हसली.

साहेब मात्र दुर्बिणीला डोळा लावून गोंधळले होते. त्या दुर्बिणीवर काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. तो मधोमध आला की दुर्बीण सरळ. त्या दिवशी तो बुडबुडा मधे राहीना. हरणाबाई डावीकडे गेली की डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे! साहेबांनी तीन वेळा स्क्रू पिळले. शेवटी दुर्बीण टोपीनं झाकून म्हणाले, “खणा. ती उभी आहे तिथं खणा. ओल लागली तर मानतो.”

हरणाबाई झऱ्यापासून दीडशे पावलं वर, कोरड्या ठणठणीत मुरमावर उभी होती. पहिली कुदळ पडली. धूळ. हातभर खणलं. धूळ. लोक एकमेकांकडे बघेनात. हरणाबाईची टाच तशीच टेकलेली.

“अजून,” ती म्हणाली.

दीड हातावर कुदळीचा आवाज बदलला. माती काळी झाली. आणि मग पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट साहेबांच्या डोक्यावर! बायांनी हंडे वाजवले, नाथाजी नाचायला लागला, पोरं चिखल अंगाला फासून पळाली. दोन वर्षांत चिखल बघितला नव्हता हो कुणी!

साहेबांनी केस पुसत कागद काढला. “वाडीनं ठराव करून द्या. राखेच्या आतली सगळी जागा राखीव. रस्ता टेकडीला वळसा घालून नेतो. पण तिकडची जमीन कुणाची?”

सगळ्या माना लालासाहेबांकडे वळल्या. लालासाहेब आमच्यातले मोठे बागायतदार, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांच्या मिशा ताठल्या.

“माजा माळ जाणार? तीन पिढ्यांचा माळ हाय त्यो.”

“लालासाएब,” हरणाबाई म्हणाली, “तुमी जलमला तवा तुमच्या पयल्या आंगुळीचं पानी ह्याच करवंटीनं भरलंय म्या. लय रडत हुता.”

लोक फिस्सकन हसले. सुभेदारांना चार माणसांत एवढं कुणी बोललं नव्हतं. ते लाल झाले. मग खाली वाकून त्यांनी शेजारच्या बाईच्या पाटीतली मूठभर राख उचलली आणि स्वतःच्या बांधावरच्या जांभळीभोवती टाकली.

“मग माळ घ्या, आन् हीबी आत घ्या. अर्धी कामं कशाला ठेवायची?”

झालं! वाडीला जोर चढला. धुण्याचा दगड झऱ्याच्या खाली पन्नास पावलं. गुरांचं पाणी त्याच्याही खाली. मेंढरांची वाट ओढ्यापलीकडून, राखेच्या आतून नाही. वरच्या अंगाला कुऱ्हाड नेणाऱ्यानं आपल्या दारात पाच झाडं लावून जगवायची. एकेकाचं म्हणणं आलं की तिथं राख पडायची, कुणी ओरडायचं, कुणी पायानं राख पुसून दोन हात सरकवायचं. दिवस कलला तेव्हा सगळ्यांचे हात कोपरापर्यंत राखाडी होते. दुसऱ्या दिवशी राखेवर दगड मांडले. तेच हे दगड, केरबा, तुम्ही ज्यावर टेकलाय.

केरबानं उठून दगड बघितला आणि परत बसला.

ठरावावर अंगठे उठले. पहिला हरणाबाईचा. साहेब कागद घडी करताना तिला म्हणाले, “बाई, सरळ रस्ता केला असता तर यंदाच्या रथाला एसटी आली असती. वळशानं एक वर्ष जास्त लागेल.”

हरणाबाई चपला शोधत होती. टाचांना फोड आले होते. “लागू द्या की,” ती म्हणाली. “मला कुठं घाई हाय?”

आणि आली बघा एसटी! पुढच्या वर्षी, रथाच्या आदल्या दिवशी. टपाला आंब्याचे डहाळे, चाकांना गुलाल. लालासाहेबांनी फौजी सलाम ठोकला. आणि हरणाबाई सगळ्यांच्या आधी चढली. खिडकीला बसली, पाय वर घेतले, नवं लुगडं, आणि म्हसवडपर्यंत सारा वेळ डोकं बाहेर काढून हसत होती. कंडक्टर म्हणाला, “आक्का, डोकं आत घ्या.” ती म्हणाली, “सत्तर वर्सं चाललिया. आता वारं खाऊ दे.”

पाहुण्यांनी माना डोलवल्या. केरबानं डोळ्यांवरून फेटा फिरवला. लाह्यांपासून बुडबुड्यापर्यंत एकाही माणसानं मला अडवलं नव्हतं, आणि आता तर मला स्वतःलाच ती खिडकीत दिसत होती.

राहीबाईची घागर भरली. तिनं करवंटी झऱ्यात विसळली, पदरानं पुसली.

“आप्पा, तेवढं खोटं हाय.”

मी तिच्याकडे बघितलं नाही.

“रस्ता टेकडीपतूर आला तवाच आय गेली,” ती पाहुण्यांना म्हणाली. “पयल्या गाडीत खिडकीला मी बसल्याली. मांडीवर ही करवंटी घिऊन. बाकी त्यांनी सांगितल्यालं समदं खरं हाय, पाव्हनं.”