विहीणबाईंचा फाईन

आमची ही कुणाचं काम सहसा नावाजत नाही आणि स्वतःचं तर मुळीच नाही. हिचं शिवणाचं दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. एखाद्या गिऱ्हाइकाने "अहो, काय सुरेख शिवलंय!" म्हटलं, तरी ही शिवणीवरून नख फिरवते आणि म्हणते, "बरं झालंय." हिच्या 'बरं'चे प्रकार समजून घेण्यात माझा निम्मा संसार गेला. लांबवलेलं 'बरं' म्हणजे हो, तुटक 'बरं' म्हणजे पाहुणे गेल्यावर बघते, आणि 'बरं बरं' म्हणजे आता तुम्ही गप्प बसा.

अशा बाईने जावयाचा लग्नातला कोट आपणच शिवणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा मला धडकीच भरली. जावई परदेशी. इतका उंच की आमच्या दारातून वाकून आत येतो. हिने त्याचं नाव लंबू ठेवलं आणि त्यालाही ते आवडलं. तो मोडकंतोडकं का होईना, मराठी बोलतो. त्याच्या आईला मात्र आम्ही पाहिलंही नव्हतं. आमची भाषा तिला येत नाही, तिची आम्हाला येत नाही. मधे इंग्रजी, आणि ती दोन्ही घरांत उसनी आणलेली.

ही जेवणखाण विसरून त्या कोटामागे लागली. अस्तराची तुरपाईसुद्धा मशीनवर नाही, हाताने.

"आतलं कोण बघणार आहे?" मी म्हटलं.

"बघत कोणी नाही. घालणाऱ्याच्या पाठीला कळतं," ती म्हणाली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात लंबू आईला आणायला गेला. इकडे कोट पुरा झाला. हिने मुलीला कोटाचे फोटो काढायला लावले: पुढून, मागून, आणि अस्तर उलटून अगदी जवळून. ते विहीणबाईंना पाठवायला सांगितले आणि वर अट घातली, "त्यांना मनापासून आवडला तरच हा कोट त्यांच्या लेकाच्या अंगावर चढेल. नाहीतर त्याला दुकानातला विकत घेऊ दे. माझी भीड नको कुणाला."

उत्तर आलं, 'फाईन.' बस्स, एवढंच. शब्दापुढे टिंब. मग मायलेक विमानात बसले आणि फोन बंद झाले.

"म्हणजे काय?" हिने विचारलं.

आता माझं सगळं आयुष्य वाचनालयाच्या काउंटरवर गेलं. पुस्तक उशिरा आलं की मी फाईन घ्यायचो. माझ्या तोंडून निघून गेलं, "फाईन म्हणजे दंड."

हिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच उशिरा परत आलेलं पुस्तक असावं.

"बाबा, काहीतरीच काय!" मुलगी म्हणाली. "फाईन म्हणजे ठीक. पण हे टिंब मला आवडलं नाही. मी चिडले की लंबूला असंच लिहिते. फाईन, टिंब. मग तो फुलं घेऊन येतो."

"म्हणजे त्या चिडल्यात?"

"तसं नाही गं आई. चालेल, असं असेल."

"चालेल!" ही खुर्चीत बसली. चालेल हा शब्द हिने आजवर फक्त सुट्ट्या बटणांबद्दल वापरला होता.

तेवढ्यात माझा मेहुणा आला. हा गवंडीकामाचे ठेके घेतो आणि न विचारता सल्ले देतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. त्याने फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि निकाल दिला, "ताई, सोपं आहे. आमच्याकडे गिलाव्याला फाईन रेती लागते. चाळलेली. फाईन म्हणजे बारीक. कोट बारीक झालाय, असं म्हणतायत त्या. लेकाला होणार नाही."

"मापं मी स्वतः घेतलीत."

"घेतली असशील गं. पण जावयाचे खांदे बघ, दाराची चौकट आहे नुसती!"

झालं! ध चा मा झाला. हँगरवरचा कोट खरोखरच अंग चोरून उभा असल्यासारखा दिसायला लागला. मी "लंबू येऊ दे, त्याच्या अंगावर घालून बघू," असं म्हणेपर्यंत हिने उजवी बाही उसवायला घेतली होती. टाके कापता कापता तिचे डोळे भरून आले. मला त्या विहीणबाईंचा असा राग आला की काय सांगू! एवढी मोठी इंग्रजी भाषा आणि खर्चायला एकच शब्द सापडला?

दुसऱ्या दिवशी सकाळी लंबू दारातून वाकून आत आला. मागोमाग त्याची आई. ती मात्र बुटकी, गोल, आणि पाय घरात पडताच हसणारी. टेबलावर बाही नसलेला कोट पाहिला आणि तिचं हसू मावळलं. तिने भराभर आपल्या भाषेत काहीतरी विचारलं.

"आई विचारते, कोट कोणी मारला?" लंबू म्हणाला.

मुलीने त्याला सगळी हकीकत सांगितली: दंड, टिंब, रेती. लंबू पोट धरून हसायला लागला, आणि मग हिचा चेहरा बघून थांबला.

"नाही, नाही सासूबाई! आई एअरपोर्टवर डिक्शनरी घेऊन बसली. मी म्हटलं, गुड लिही. ती म्हणाली, गुड तर पावाला म्हणतात. नाईस लिही. नाईस म्हणे हवा असते. ब्यूटिफुल तर सगळे सगळ्यांना म्हणतात. विमान सुटत होता, मी ओरडत होता, आणि आई पानं उलटत होती! आमच्याकडे एक शब्द आहे. काम बारीक, आणि सुंदर, आणि करणारीनं कुठे कंटाळा नाही केला. तिन्ही एकत्र. त्याला इंग्रजीत तिला फाईन सापडला. मग तिनं जोरात टिंब दिलं. म्हणजे, आता आणखी काही बोलायचं नाही."

विहीणबाईंना शब्द कळले नसतील, पण लंबूने हवेत बोट टोचून दिलेलं टिंब कळलं. त्यांनी अस्तर उलटलं, तुरपाईवरून अंगठा हळूच फिरवला, दोन बोटं चिमटीसारखी जुळवली आणि हिच्या डोळ्यांसमोर धरली.

"बारीक!" मेहुणा ओरडला. "मी काय म्हणत होतो?"

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ही रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदमच. मी आयुष्यात हिला इतकं खुश पाहिलं नव्हतं, आणि मला आदल्या दिवशीच्या रागाची लाज वाटली.

विहीणबाई कातड्याचे हातमोजे शिवतात, हे तेव्हा कळलं. त्यांनी पर्समधून स्वतःचं अंगुस्तान काढून बोटात घातलं आणि खुर्ची ओढून हिच्या शेजारी बसल्या. बाही परत चढवायला दोघी लागल्या, पुढून ही आणि मागून त्या. एक मराठीत बोलत होती, दुसरी आपल्या भाषेत, आणि कात्री मात्र मागितली की बरोबर हातात येत होती.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. लंबूच्या अंगावर कोट असा बसला की कारकुनानेसुद्धा मान वर करून पाहिलं. पोरं सह्या करायला वाकली, तेव्हा ही माझ्या कानाशी लागली.

"अहो, मागचे टाके जाडे आलेत. कातड्याचा हात आहे ना त्यांचा. इथून दिसतायत."

"मग रात्री उसवून पुन्हा घालायचे होतेस. तुला कुठे राहवतं?"

"विहिणीचे टाके उसवतात होय?" ही माझ्यावरच खेकसली.

विहीणबाईंचं लक्ष होतं. ही खांद्याकडे पाहतेय हे त्यांनी हेरलं. त्यांनी खांद्याकडे बोट दाखवलं आणि अवघडून, पोरीसारखं विचारलं, "फाईन?"

हिने एकवार खांद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणणार 'बरं झालंय'. पण हिने त्यांचा हात धरला, त्या हातातला अंगठ्याजवळचा घट्टा चाचपला आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फाईन! फाईन!"

टिंब दिलंच नाही. दोघी कितीतरी वेळ हसत राहिल्या.