चाकपट्टी

१९६१ साली आमच्या भागातली माणसं पत्ता सांगताना घरांच्या नाही, खड्ड्यांच्या खुणा सांगत. रस्ता दुरुस्त करायला पालिकेकडे पैसे नव्हते. मग नगराध्यक्षांनी तोड काढली. रस्ता झिजतो चाकांनी, तर पैसेही चाकांनीच भरावेत. घरपट्टी होती, पाणीपट्टी होती, आता चाकपट्टी. ज्याच्याकडे जितकी चाकं, तितकी पट्टी.

बाबांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तीस सायकली. एका वर्षाची पट्टी भरायची तर त्यातल्या निम्म्या विकाव्या लागणार होत्या, आणि निम्म्यांवर दुकान चालणार नव्हतं. बाबा सकाळपासून एकच पंक्चर काढत बसले होते. मी तेव्हा अठरा वर्षांची, चेनला तेल घालत होते. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, स्टुलावर बसून पालिकेचा उद्धार करत होती.

तेवढ्यात मोजणी कारकून आला. सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि प्रामाणिक इतका की वैताग यावा. आदल्याच दिवशी त्यानं स्वतःच्या सासऱ्याची ढकलगाडी मोजली होती. त्यापायी बायको माहेरी निघून गेली होती.

त्यानं सायकली मोजल्या. मग भिंतीला टांगलेल्या सुट्या चाकांकडे वळला.

"अहो साहेब, त्यांना टायरसुद्धा नाहीत. ती कुठं जाणार?" बाबा म्हणाले.

"चाक आहे ना? मग झालं. चालतं की नाही, ते बघणं माझं काम नाही."

"अगदी बरोबर हो भाऊ," आत्या म्हणाली. तिचा आवाज असा मधाळ झाला की आम्हाला धडकी भरायची. "चाक ते चाक. लहान असलं तरी?"

"लहान-मोठं पालिकेला सारखंच."

"आणि घरात असलं तरी?"

"आत्ताच एका माळ्यावरची बाबागाडी लिहून आलोय."

"मग नगराध्यक्षांकडे चला. मी येते वाट दाखवायला."

बाबांच्या हातातला पाना खाली पडला. "अक्का, ते गिऱ्हाईक आहे आपलं!"

"गिऱ्हाईक? तुझं दुकान गिळायला निघालंय ते!"

भानगड अशी होती. नगराध्यक्षांच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, दर आठवड्याला घराची मांडणी बदलायचा नाद. कपाटं ढकलून ढकलून नगराध्यक्षांची कंबर गेली. शेवटी त्यांनी बाबांकडून घरातल्या झाडून सगळ्या सामानाला छोटी लोखंडी चाकं बसवून घेतली होती.

बंगला चढावर होता. मीही मागोमाग गेले. असली मजा कोण सोडणार? बाईंना कोण आनंद झाला! त्यांची चाकं बघायला आजवर कुणी आलंच नव्हतं. "मोजा हो, मोजा! हे कपाट बघा, करंगळीनं सरकतं!" खुर्च्या, टेबलं, कुंड्या, चपलांची मांडणी. कारकून पलंगाखाली शिरला होता, नुसते मोजे दिसत होते, तेवढ्यात नगराध्यक्ष घरी आले.

"काय चाललंय हे?"

"पलंग, चार," पलंगाखालून आवाज आला.

नगराध्यक्ष लालबुंद झाले. "अरे गाढवा, ही घरातली चाकं! माझा सोफा काय रस्त्यावर फिरायला जातो?"

सोफा त्या दिवशी व्हरांड्यात होता. "ओरडता कशाला त्या बिचाऱ्यावर?" बाई म्हणाल्या. "बघा हो तुम्ही, कसा हलतो ते," आणि दाखवायला म्हणून धपकन सोफ्यावर बसल्या.

सोफा निघाला. मोटारीसाठी केलेल्या उतरणीवरून खाली, उघड्या फाटकातून बाहेर, थेट रस्त्यावर. बाई ताठ बसून होत्या. समोरून डॉक्टर येत होते, त्यांना त्यांनी सवयीनं नमस्कारसुद्धा केला. मग एक भला मोठा खड्डा आला आणि सोफा त्यात नाकावर बसला.

"रस्ता धड असता तर थेट उताराखालच्या नदीतच गेल्या असत्या," आत्या म्हणाली.

कारकून धापा टाकत पोचला. "सोफा, सहा. रस्त्यावर." मग नगराध्यक्षांकडे वळून अदबीनं म्हणाला, "साहेब, अख्ख्या गावात तुमचा पहिला नंबर."

नगराध्यक्षांनी तोंड उघडलं, पण खड्ड्यातून आवाज आला, "अहो, रस्ता केवढा खराब झालाय! कुणी बघत कसं नाही?"

पुढच्या सभेत चाकपट्टी रद्द झाली. रस्त्यावरून पायसुद्धा चालतात, असं नगराध्यक्षांच्या ध्यानात आलं होतं म्हणे. सगळ्यांनीच घराच्या आकाराप्रमाणे घरपट्टीत थोडी भर घालावी, असं ठरलं. सगळ्यात मोठं घर त्यांचंच होतं, पण तरी चाकांपेक्षा स्वस्त पडत होतं.

कारकुनाची बायको परत आली. सासऱ्यानं मात्र जन्मभर त्याला ढकलगाडीला हात लावू दिला नाही. पुढच्या निवडणुकीत नगराध्यक्ष पडले आणि बाई निवडून आल्या. त्यांच्या कारकिर्दीत पालिकेत कुठलं टेबल कुठं आहे, हे कुणालाच सांगता येत नसे. आत्या एक्याण्णव वर्षं जगली. घरपट्टी भरायला दर वर्षी रांगेत पहिली उभी राहायची, कारण शिव्या घालायला तिला ताजातवाना माणूस लागायचा.

दुकान राहिलं. बाबांनी चालवलं, त्यांच्यामागे मी चालवलं. पण गुळगुळीत रस्ता झाल्यावर पंक्चर व्हायची थांबली आणि बाबा हवालदिल झाले. "रस्ता काय खाऊ?" असं म्हणत वर्षभर कपाळाला हात लावून बसले. मग पाण्याचा नवा नळ टाकायला पालिकेनं तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत खणला, तेव्हा कुठं त्यांना नीट जेवण जायला लागलं.