खालची फळी

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही. पण दापोडीतल्या याच पत्र्याच्या शेडमध्ये बसून एक माणूस नुसत्या कानानं पंपाचा आजार ओळखायचा. पंप चाकणच्या पलीकडे, माणूस इथे. वारा तिकडून असला की तो विडी विझवायचा, मान तिरकी करायचा आणि मला म्हणायचा, "बाळाजी, निघोज्याच्या मळ्यातल्या इंजिनाचा दट्ट्या घासलाय बघ." तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून तोच दट्ट्या दारात!

"मागल्या साली सांगितलं तवा पंप मोशीला हुता, अण्णा," गेनू म्हणाला. "औंदा चाकणच्या पल्याड गेला. फुडल्या साली नाशकाला पोचंल."

"वारा असेल तसा ऐकू येतो, बाबा."

मी हे सांगत होतो उद्धवरावांना. ते चाकणचे. सकाळच्या पहिल्या एसटीनं पंपाचा झिजलेला दट्ट्या उपरण्यात गुंडाळून आले होते. पाण्यावाचून कांद्याची रोपं माना टाकायला लागली होती. पण गेनूनं दारातच हात जोडले होते. "आज खंडेनवमी, पाव्हणं. हत्यारं पूजेला बसल्यात. आज पाना उचलला तर मामी माझा हात मोडंल."

आणि मीही शहाणपणा केला होता, "उद्धवराव, आजच्या दिवशी साधा खिळा ठोकणंसुद्धा पाप. शेतकरी माणूस तुम्ही, तुम्हाला का सांगायला हवं?"

गेनूची मामी म्हणजे दुर्गाबाई. ती उंबऱ्याशी बसून झेंडू ओवत होती. गेनू कंपनीची शिफ्ट संपली की या शेडमध्ये पंपाची कामं करतो. त्यावर दोघांचं चालतं. भिंतीलगत चार फळ्यांची मांडणी उभी होती. धुतलेले पाने, हातोड्या, कानशी, सगळं हळदकुंकू लावून ओळीनं बसलेलं. उद्धवराव प्रसादाची वाट बघत मांडणी न्याहाळत होते.

"वरल्या तीन फळ्या कशा झ्याक बसल्यात," ते म्हणाले. "ही खालची कुनी मारली? येक खिळा सरळ न्हाई. आन् खिळ्याच्या माथ्याखाली ह्यो हिरवा धागा कसला?"

"तीच तर गोष्ट!" मी मांडी घालून बसलो. "ऐका."

तसले कान असलेला तो माणूस म्हणजे कोंडाजी, दुर्गाबाईचा नवरा. आम्ही दोघं एकाच कारखान्यात, तो लेथवर आणि मी भट्टीवर. एके दिवशी लेथचा पट्टा तुटला आणि कोंडाजीच्या उजव्या हाताची तीन बोटं घेऊन गेला. मालक हळहळले. मग म्हणाले, कोंडाजी, आता घरी आराम कर. पोट आराम करत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

कोंडाजीनं वर्षानुवर्षं एकेक करून घेतलेली हत्यारं होती. ती त्यानं घरी पसरली आणि शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करायला बसला. पण घर ते केवढं! एकच खोली. चुलीपासून पाटापर्यंत जायचं तर वाटेत पान्यांचं रान. हत्याराला पाय लागला की नमस्कार करायचा. दुर्गावहिनीचा दिवसभर स्वयंपाक कमी आणि नमस्कार जास्त. भाकरी तव्यावर करपतेय आणि ही वाकून कानशीच्या पाया पडतेय!

दारातून दुर्गाबाई हसली. ती हसली की मला जोर येतो.

शेवटी कोंडाजीनं मागच्या अंगाला ही शेड घातली. मला म्हणाला, "बाळाजी, ज्याची हत्यारं बायकोच्या पायात येत्यात, त्यो कसला कारागीर? औंदाच्या खंडेनवमीला समदी आपापल्या जागंवर बसली पायजेत. मग ह्याला कारखाना म्हनीन. तवर मी निस्ता घरी बसवलेला मानूस."

तेव्हा पिंपरीच्या नव्या कारखान्याची यंत्रं परदेशातून येत होती, देवदाराच्या खोक्यांतून. खोकी फोडली की फळ्या कॅम्पातल्या दुकानांत विकायला यायच्या. कोंडाजी त्या डोक्यावरून घेऊन आला. फळ्यांबरोबर खिळे आले, गंजलेले आणि वाकडे. नवे घेणं म्हणजे उधळपट्टी. जुना खिळा दगडावर धरायचा, डाव्या हातानं हातोडी चालवायची, सरळ करायचा. उजव्या हाताची उरलेली दोन बोटं म्हणजे त्याचा चिमटा.

"आणि फळ्या कशा बसवल्या म्हणता? पाण्यानं भरलेलं ताट ठेवलं तर पाण्याला झोप लागायची. मजबूत तर इतक्या, की मी स्वतः वरच्या फळीवर बैल उभा केला."

"बैल?" उद्धवराव म्हणाले.

"खोंड होता."

"अण्णा!" गेनू ओरडला.

"बरं, शेळी. पण शेळीच्या खाली मी येणार नाही."

तीन फळ्या झाल्या. चौथी, खालची, राहिली. त्या दिवशी मी इथेच होतो. कोंडाजी मागे सरला आणि खोक्याच्या एका फळकुटावर त्याचा पाय पडला. वर आलेला खिळा टाचेत गेला. त्यानं काय करावं? खिळा उपटला, धोतराला पुसला, दगडावर सरळ केला आणि तिसऱ्या फळीत ठोकून दिला. म्हणाला, "चांगला खिळा वाया का घालवायचा?" उद्धवराव, यात माझी भर नाही.

टाचेला हळद-चुना लावला. आठवड्यानं भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला तर तोंड उघडेना. धनुर्वात. डॉक्टर आले. म्हणाले, पुण्याला न्या. पण उचलायला गेलं की अंग धनुष्यासारखं वर वाकायचं. टाच आणि डोकं तेवढं वाकळेला टेकलेलं. कुणाची छाती होईना. शेड अंधारी ठेवा, आवाज करू नका, असं सांगून डॉक्टरही गेले. भांडं पडलं तरी तो कमानीसारखा ताणला जायचा. इथे शेडमध्ये, या मांडणीसमोर त्याची वाकळ होती. बोलणं बंद. नजर मात्र त्या रिकाम्या खालच्या जागेवर.

झेंडूची सुई थांबली होती. एवढी शांतता मला मानवत नाही. गोष्ट अशी जमिनीवर पडू लागली की मी तिला खांद्यावर घेतो.

"पण कोंडाजी म्हणजे काय चीज होती!" मी आवाज चढवला. "खंडेनवमी उजाडली. सूर्य वर आला, तसा गडी ताडकन उठून बसला. म्हणाला, बाळाजी, हातोडी आण. डाव्या हातानं एकेक घाव, एकेक खिळा. घाव इतका जबरदस्त की खिळे घाबरून वाकले. म्हणून ते असे दिसतात! चौथी फळी बसली, त्यानं स्वतःच्या हातानं सगळी हत्यारं मांडली, म्हणाला, झाला आपला कारखाना. आणि मग आडवा झाला, तो झालाच."

उद्धवरावांनी खालच्या फळीतल्या एका वाकड्या खिळ्यावरून बोट फिरवलं.

"अण्णा," ते म्हणाले, "सकाळी तुमीच मला म्हनला, आजच्या दिशी खिळा ठोकनं पाप. मंग त्येनं खंडेनवमीला हातोडी कशी उचलली?"

गेनूनं खाली पाहिलं.

"खोटं हाय त्ये," दुर्गाबाई दारातून म्हणाली. राग नव्हता आवाजात. "भावजी दर साली त्यास्नी उठवून बसवत्यात. मी ऐकून घेती. नवमी उजाडायच्या आधीच त्ये गेलं हुतं."

ती उठली. माळ घेऊन मांडणीपाशी आली आणि खालच्या फळीसमोर बसली.

"आदल्या दिशी तिन्हीसांजंला म्या मारली ही फळी. डाक्टर म्हनलं हुतं, आवाज न्हाई करायचा. हातोडीचा ठोका पडला की त्यांचं अंग उडायचं. मंग अंगावरल्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला आन् हातोडीच्या तोंडाला बांधला. हळूहळू ठोकत बसली. फडक्यातनं खिळा सरळ जातोय व्हय? जाईल तसा जाऊ दिला."

"त्येंनी बघितलं?" उद्धवरावांनी विचारलं.

दुर्गाबाईनं माळेतला एक झेंडू नीट केला.

"डोळं उघडं हुतं. बघत हुतं का न्हाई, ठावं न्हाई."

तिनं उद्धवरावांपुढे हात केला. त्यांनी उपरण्याचं गाठोडं सोडलं. झिजलेला, तेलकट दट्ट्या तिनं पदरानं पुसला, खालच्या फळीवर बाकीच्या हत्यारांच्या ओळीत ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं.