साहेबांच्या गळ्यातला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नाही, घड्याळाचा नाही, एका भटक्या बोक्याच्या गळ्यातला. माझा रंग आता विचारू नका. कधीकाळी मी लख्ख नारिंगी होतो, आज धुऊन धुऊन जुन्या विटेसारखा दिसतो. कडेचे धागे सुटलेत आणि शिवणीत अडकलेले करडे केस कितीही झटकले तरी निघत नाहीत. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मी सुखात आहे, आणि का सुखात आहे तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. त्या घरातली सून शाळेच्या दप्तरांचे बंद शिवायची. खोलीच्या कोपऱ्यात रंगीत पट्ट्यांची रिळं रचलेली असायची, आणि एका नारिंगी रिळाच्या उरलेल्या तुकड्यातून मी झालो. घरात माणसं दोनच, सून आणि तिचे सासरे. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे तो घरात कमी आणि फोनवर जास्त. सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवली होती. गल्ली त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायची, सून बाबा म्हणायची. दोघांचं भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. "जेवायला वाढू?" "वाढ." एवढ्यावर दिवस संपायचा.

घरात तिसरे होते साहेब. साहेब म्हणजे एका कानाला खाच पडलेला करडा बोका. यायची वेळ ते स्वतः ठरवायचे, आले की घरभर फिरून पाहणी करायचे, आणि काही पसंत पडलं नाही की शेपटी उंच करून चालते व्हायचे. म्हणून हे नाव. ते दारात दिसले की बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारायचे, "काय साहेब, आज दौरा कुठे?" सुनेशी दिवसभरात बोलत नसतील इतकं ते या बोक्याशी बोलायचे.

माझ्या आधी साहेबांच्या गळ्यात दुसरा एक पट्टा होता. मी त्याला पाहिलं नाही, जे कानावर आलं ते सांगतो. बाबांनी जुन्या पिशवीचा चामडी बंद कापून, लोखंडी बकल लावून तो केला होता. बिचाऱ्याचा गळा आवळू नये म्हणून मुद्दाम सैल बांधला. ती मायाच अंगाशी आली. पट्टा काढायच्या खटपटीत साहेबांनी पुढचा पाय आत घातला, आणि पट्टा काखेत जाऊन रुतला. बकल काही सुटेना. साहेब कुठेतरी दडून बसले आणि घरी आले ते लंगडत, जखम चिघळलेली घेऊन. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टा कापला, टाके घातले. त्या दिवशी बाबांनी जेवणाचं ताट तसंच सारलं आणि जाहीर केलं, "आता याच्या गळ्यात सुतळीसुद्धा बांधायची नाही."

बोलले ते बोलले. पण पुढे एके दिवशी गल्लीत जाळीची गाडी येऊन उभी राहिली. गाडीवाला दारोदार सांगत फिरला, "बेवारशी मांजरं फार झालीत, तक्रारी आल्यात. पुढच्या महिन्यापासून उचलणार. शहराबाहेरच्या निवाऱ्यात नेऊन सोडतात. ज्याच्या गळ्यात पट्टा असेल, त्याला आम्ही हात लावत नाही."

आधी साहेबांना घरात कोंडून पाहिलं. त्यांनी पडद्याच्या चिंध्या केल्या, बाबांच्या चपलेत नको तो उद्योग केला आणि असा टाहो फोडला की शेजारच्या बेकरीवाल्या मावशी धावत आल्या, "अहो, कुणाला काय झालं?" दार उघडावंच लागलं.

"बाबा, गाडीवाला काय म्हणाला, ऐकलंत ना?" सुनेने विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? परत त्याचा पाय कापून घेऊ?"

सून चपला घालून निघाली. ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली आणि मशीनवर बसली. तेव्हा, मित्रांनो, मी जन्माला आलो. अंगावर पांढऱ्या दोऱ्याने फोन नंबर शिवलेला, आणि टोकाला डॉक्टरीणबाईंनी दिलेलं प्लास्टिकचं छोटं बकल. सुनेने मला स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि हात बाबांपुढे केला.

"ओढा."

बाबांनी ओढलं. टक्! बकल उघडलं आणि मी त्यांच्या हातात लोंबकळत राहिलो.

"हा कसला पट्टा? ओढला की सुटतो!"

"म्हणून तर आणलाय. कुठे अडकला तर सुटेल. साहेब मोकळे."

खरं सांगतो, मला फार लाज वाटली. पट्ट्याने धरून ठेवायचं असतं एवढंच मला ठाऊक होतं, आणि मी पहिल्याच ओढीला हार मानली होती. पण बाबांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. बसचे ब्रेक तपासावेत तसं त्यांनी मला पुन्हा पुन्हा लावलं आणि ओढलं. मग म्हणाले, "आपण ओढतो ते वेगळं. साहेबांच्या वजनाने सुटेल का?"

सुनेने साखरेची पिशवी आणली. साहेबांच्या वजनाला अजून थोडी कमी पडत होती, म्हणून तिच्यात डाळीची पुडी खोचली. मला खिडकीच्या गजाला अडकवून पिशवी लटकवली. टक्! पिशवी धप्पकन फरशीवर पडली आणि फुटली. साखर पार मशीनखाली गेली. दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटली. त्या घरात एवढं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. साखर भरताना बाबा म्हणाले, "सुटतो खरा."

आता साहेबांची मनधरणी बाकी होती. तिथे घाई करून भागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून मला आधी नुसतं त्यांच्या थाळीशेजारी ठेवलं. साहेबांनी मला लांबून हुंगलं आणि नाक मुरडलं. मग सुनेने मला त्यांच्या झोपायच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. मला त्यांचाच वास लागला तेव्हा कुठे ते जवळ आले, माझ्यावर गाल घासला, आणि खुशाल माझ्यावर बसले. त्यानंतर तो त्यांचा नेमच झाला. मी दिसलो की गाल घासायचा आणि वर बूड टेकायचं. गळ्यात जायच्या आधी मी बरेच दिवस साहेबांच्या बुडाखाली काढले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा गळ्यात बांधलं ते माशाचा तुकडा खाताना. खाणं संपलं आणि साहेबांच्या लक्षात आलं. ते जमिनीला चिकटले, मग उलटे चालू लागले, भिंतीला पाठ लागेपर्यंत. शेवटी चारी पाय ताणून असे पडले, जणू सगळं संपलं. सून तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती. बाबा मात्र कासावीस. "काढ गं, काढ. त्याला सोसवत नाहीये."

काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, जरा जास्त वेळ. बाबा समोर दोरी हलवायचे, त्या नादात साहेब मला विसरायचे. आठवलं की मागच्या पायाने खरवडायचे. असं करता करता खरवडणं कमी झालं.

मग बोटांचा वाद उभा राहिला. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण कुणाची? बाबांची बोटं गाजरासारखी जाड, सुनेची बारीक.

"माझी जातील एवढा ठेव," बाबा म्हणाले.

"मग परत पाय आत जाईल. किंवा जबडा अडकेल."

"आणि तुझ्या बोटांनी घट्ट झाला तर?"

शेवटी दोघं साहेबांना टोपलीत घालून दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "काका, सुनेची बोटं योग्य आहेत. पट्टा हनुवटीवरून वर निघता कामा नये, बस." बाबांनी मान डोलावली. परतीच्या वाटेवर दोघं अखंड बोलत होती. विषय साहेबांचाच, पण बोलत होती.

आणि तो दिवस आला. सकाळी साहेब मला घालून दौऱ्यावर निघाले. बेकरीच्या मागे तारेचं कुंपण आहे. त्यावरून ते नेहमी उडी मारतात. त्या दिवशी उडी मारताना तारेचं तुटकं टोक माझ्यात घुसलं. साहेबांचं सगळं वजन माझ्यावर आलं. ते हवेत लटकले, पाय झाडू लागले, गळ्यातून विचित्र आवाज आला. मित्रांनो, त्या क्षणी मला एवढंच कळत होतं, आता मी धरून राहिलो तर साहेब जातील. टक्! साहेब खाली पडले, उठले आणि धूम पळाले. मी तारेवर एकटा लोंबत राहिलो. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू!

पण ते मोकळेपण टिकलं नाही. थोड्याच वेळात जाळीची गाडी आली. गाडीवाल्याने बेकरीच्या मागच्या पायरीजवळ पिंजरा लावला, आत मासळीचं डोकं. साहेबांना मासळी म्हटली की भान राहत नाही, आणि गळ्यात तर मी नव्हतो. माझ्या डोळ्यांदेखत पिंजऱ्याचं दार पडलं. मी ओरडणार कुठल्या तोंडाने?

साहेब जेवायला आले नाहीत म्हणून बाबा शोधत निघाले होते. ते कुंपणापाशी आले आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या खाली जमिनीवर पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी मला हातात घेतलं, बकल पाहिलं. ते उघडं होतं.

"सुटला," ते पुटपुटले. "सुटला माझा राजा."

तेवढ्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मागच्या जाळीतून ओळखीचा टाहो ऐकू आला. दुखऱ्या गुडघ्यांचे बाबा असे धावले की बेकरीवाल्या मावशी हातातला ट्रे घेऊन बघतच राहिल्या. ते थेट गाडीसमोर जाऊन उभे राहिले.

"थांबव! आमचा बोका आहे आत. हा त्याचा पट्टा."

गाडीवाला उतरला. माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. "काका, पट्टा तुमच्या हातात आहे. असा पट्टा दाखवून कुणीही कुठलंही मांजर मागेल. त्याच्या गळ्यात होता कशावरून?"

बाबा गाडीच्या मागच्या बाजूला गेले. ते पिंजऱ्यापाशी खाली बसले आणि त्यांनी मला जाळीतून आत सरकवलं. साहेब कोपऱ्यात फुगून बसले होते, सगळ्या जगावर फिसकारत होते. बाबांवरही फिसकारले.

"साहेब," बाबा हळूच म्हणाले, "मी आहे. घाई नाही. तुमच्या सवडीने."

गाडीवाल्याने घड्याळ पाहिलं. मी निमूट पडून होतो. बऱ्याच वेळाने साहेबांची मिशी माझ्या अंगाला लागली. त्यांनी मला हुंगलं, माझ्यावर गाल घासला, मग दुसरा गाल घासला. एक गिरकी घेतली आणि आपल्याच घरात असल्यासारखे माझ्यावर बसले.

गाडीवाला खो खो हसला. "घेऊन जा काका. हे ध्यान तुमचंच आहे."

तोवर सून पोचली होती, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात बाबांची. मावशींनी निरोप दिला होता. बाबांनी साहेबांना छातीशी धरलं आणि मला बांधायला गेले, पण मग थांबून त्यांनी मला सुनेपुढे केलं.

"तू लाव, पोरी. तुझी बोटं घाल."

तिने मला लावलं, दोन बोटं घातली, हनुवटीपाशी ओढून पाहिलं. "बरोबर आहे, बाबा." आणि मग ती तिथेच पायरीवर बसली आणि रडली. सगळं नीट झाल्यावर येतं ना, तसलं रडू. बाबा तिच्या शेजारी बसले. साहेब दोघांच्या मध्ये बसून पंजा चाटत होते.

त्यानंतर मी कितीदा तरी सुटलो. कधी झुडपात, कधी गॅरेजच्या पत्र्यावर. दर वेळी कुणीतरी माझ्यावरचा नंबर लावायचं. सून बाबांना तोंडपाठ सांगायची, "पट्टा मिळाला. साहेब मागच्या दाराने आलेत." पुढे तिने माझ्यासारखा दुसरा पट्टा शिवून ठेवला, म्हणजे साहेब एक दिवसही बिनपट्ट्याचे राहू नयेत. मधल्या काळात माझी आबाळही झाली. बकलात केस आणि माती बसली, ते जड जाऊ लागलं, आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकदा बाबांनी सहज ओढून पाहिलं तर मी सुटलोच नाही. त्यांनी तिथल्या तिथे मला उतरवलं. आता नवा पट्टा साहेबांच्या गळ्यात आहे. मी खिडकीत उन्हाला पडलेला असतो, आणि संध्याकाळी सासरे-सून चहा घेत काय काय बोलतात ते ऐकत असतो. विषय आता साहेबांचाच असतो असं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा कुणी हिंडफिऱ्या असेल, तर त्याच्या गळ्यात पट्टा जरूर बांधा. पण आधी त्याला हुंगू द्या, बसू द्या, रुसू द्या. दोन बोटं घालून बघा. अधूनमधून बकल ओढून बघा, केस काढा, झिजलं असेल तर बदला. आणि कधी एखाद्या कुंपणावर लोंबकळणारा रिकामा पट्टा दिसलाच, तर छातीत धस्स होऊ देऊ नका. तो हलकेच काढून घ्या आणि त्याच्यावरचा नंबर लावा. पलीकडून कुणीतरी काळजीने विचारेल, "अडकला होता का?" तुम्ही सांगा, "हो. पण सुटलाय."