मंडळाचे गुडघे

मित्रांनो, माझ्यावर हात टेकायच्या आधी जरा वाकून माझ्या पायांकडे बघा. वरचा अर्धा पाय शिसवी आहे आणि खालचा अर्धा कसल्यातरी हलक्या लाकडाचा, वर रंग फासलेला. असे सांधलेले पाय घेऊन कुठलेही टेबल जन्माला येत नाही. मी जन्मले तेव्हा ठेंगणे होते, आणि ठेंगणे असण्यातच माझा सारा मान होता. मला उंच केले ते बालकांच्या कल्याणाचा विडा उचललेल्या थोर माणसांनी. त्यांचीच गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे. गोड बोलून सांगावी अशी ती नाही.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. टेबल बालवाडीसाठी आहे हे कळल्यावर तो आधी जाऊन मुलांमध्ये बसून आला. मग त्याने माझे कोपरे इतके घासले की ते कोपरे राहिलेच नाहीत. माझी कड त्याने जाड आणि गोल ठेवली, लहान मुठीत नीट मावेल अशी. पाठीवर त्याच्या मुलीने बदकांची रांग रंगवली. त्यातले शेवटचे बदक जरा वाकडे झाले आहे, पण मुलांचे सगळ्यात लाडके तेच होते.

त्या खोलीत मी पुष्कळ वर्षे काढली. माझ्यावर माती थापली गेली, रंग सांडले, दूध लवंडले. दात येणाऱ्यांनी माझी कड चावली. कुणी माझ्याखाली घर केले, कुणी रुसून तिथेच झोपले. संध्याकाळी सगळे गेले की ताई ओल्या फडक्याने मला पुसायच्या. ताई म्हणजे वर्ग सांभाळणाऱ्या बाई. त्या खुर्चीवर कधी बसत नसत. माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसत, कारण मुलांची तोंडे तिथूनच सरळ दिसतात. मी सुखात होते, हे स्पष्टच सांगते.

ठकी आमच्याकडे आली ती आईच्या कडेवरून. अडीच वर्षांची, चणीने बारीक, डोळे मात्र सगळ्या घरादाराला पुरतील एवढे. पाय लुळे नव्हते, पण त्यांच्यात जोर नव्हता. बरोबरीची मुले धावत होती आणि ही बसल्या जागी सरकत होती. तिची आई कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. पहिल्याच दिवशी तिने ताईंना सांगितले, "सुट्टीनंतर ही वरच्या वर्गात जाणार ना? वर जिना आहे. तिथे चालणारीच मुलं घेतात. ही चालली नाही तर हिला घरी ठेवावं लागेल, आणि मी घरी बसले तर खायचं काय?"

"चालेल हो," ताई म्हणाल्या. "वेळ लागेल थोडा, पण चालेल."

ताईंनी ठकीचे दोन्ही हात माझ्या कडेवर ठेवले. मित्रांनो, त्या मुठी मला अजून आठवतात. घामेजलेल्या, घट्ट. आधी ती नुसती उभी राहिली आणि धपकन बसली. मग रोज उभी राहू लागली. मग एक पाऊल बाजूला, कड धरून. मग अर्धी फेरी. एके दिवशी तिने पुरी फेरी मारली आणि वाकड्या बदकापाशी पोचल्यावर त्याचा मुका घेतला. आता एक हात सुटू लागला होता. दुसरा आज सुटेल, उद्या सुटेल, असे मला आणि ताईंना दोघांनाही वाटत होते.

नेमके तेव्हाच मंडळ आले.

मंडळ म्हणजे आमची संस्था चालवणारे विश्वस्त. तोवर आम्ही त्यांना भिंतीवरच्या फोटोतच पाहिले होते. अध्यक्षांचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना होता आणि मुलेही साच्यात घालून काढता येतात अशी त्यांची समजूत होती. उपाध्यक्षा देशोदेशीच्या बालवाड्या पाहून आल्या होत्या. फक्त आपली बघायची राहिली होती. कोषाध्यक्षांना प्रत्येक गोष्टीवर 'नाही' म्हणण्याची इतकी सवय होती की चहा हवा का विचारले तरी ते आधी नाहीच म्हणत आणि मग दोन कप पीत. चौथे एक ज्येष्ठ सभासद होते, निवृत्त न्यायाधीश. फार म्हातारे. बैठक सुरू झाली की त्यांची हनुवटी छातीवर टेकायची. बाकीचे म्हणत, ते डोळे मिटून विचार करतात.

कुणीतरी अध्यक्षांच्या डोक्यात भरवले होते की बालकांसाठी काम करणाऱ्या मंडळाने बालकांच्याच टेबलाभोवती बसले पाहिजे. फोटो चांगला येतो. म्हणून ही मंडळी आमच्या खोलीत आली आणि मुलांच्या इवल्या खुर्च्यांवर बसली. गुडघे हनुवटीला लागले. तासाभराने अध्यक्ष उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली आणि मागे तशीच अडकून राहिली. दारातून डोकावणारी पोरे खिदळली. खरे सांगते, मंडळाने मुलांना मनापासून दिलेला आनंद तेवढाच.

त्या दिवशी ठराव झाला. शहाण्या माणसाने काय केले असते? आपल्यासाठी दुसऱ्या खोलीत मोठे टेबल मांडले असते. पण मग बदके फोटोत कशी येणार? तेव्हा ठरले की टेबल हेच ठेवायचे, फक्त मोठ्यांना बसता येईल इतके उंच करायचे. चार दिवसांत एक माणूस आला, त्याने मला उलटे पाडले आणि माझ्या पायांना हे खालचे तुकडे ठोकले. मुलांसाठी नवे टेबल कसे असावे याचा विचार करायला एक उपसमिती नेमली. तोवर मुलांनी जमिनीवर कागद ठेवून रंगवावे, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी ठकी सरकत सरकत माझ्यापाशी आली. तिने हात वर केले. बोटे कडेला लागली, पण मूठ बसेना. नुसत्या बोटांवर कुणाला उभे राहता येते? तिने तीनदा खटपट केली आणि मग माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तिला फसवले होते. रडली नाही. त्या दिवसापासून ती पुन्हा सरकू लागली. ताईंनी तिला खुर्ची धरायला दिली, ती घसरली. भिंत दिली, तिला धरायला काही नव्हते. संध्याकाळी तिची आई दारात यायची आणि ठकी खाली बसलेली दिसली की काही न विचारता तिला कडेवर घ्यायची.

पुढच्या बैठकीत ताई बोलल्या. त्यांना बसायला खुर्ची नव्हती, म्हणून दाराशी उभ्या राहूनच बोलल्या. "टेबलाचे ते तुकडे काढून टाका. एक मुलगी त्याला धरून चालायला शिकत होती. आता तिचा हात पोचत नाही."

"फार छान मुद्दा मांडलात," अध्यक्ष म्हणाले. "अगदी मनाला भिडला."

"आपण मुलाचा सर्वांगीण विचार करायला हवा," उपाध्यक्षा म्हणाल्या. "नुसते पाय बघून कसं चालेल?"

"पायच बघा म्हणतेय मी," ताई म्हणाल्या.

"एकीसाठी काढलं, उद्या दुसरी म्हणेल पुन्हा लावा," कोषाध्यक्ष म्हणाले. "नाही जमायचं."

हा विषय उपसमितीकडे सोपवला गेला. उपसमितीत हेच तिघे होते. ज्येष्ठ सभासद हनुवटी वर न करता म्हणाले, "अनुमोदन." मित्रांनो, मी लाकूड आहे, माझे रक्त तापू शकत नाही. पण त्या दिवशी मला माझ्या पाठीवरचे सगळे कप एकदम त्यांच्या मांडीवर ओतता आले असते तर किती बरे झाले असते!

मग सुट्टीआधीची शेवटची बैठक आली. विषय मोठा गहन होता. संस्थेच्या पाटीवर नावाखाली एक ओळ लिहायची होती. अध्यक्षांनी सुचवले, 'आम्ही पहिल्या पावलाचे साक्षीदार.' उपाध्यक्षांना 'साक्षीदार' कोर्टातला वाटत होता, त्यांना 'सोबती' हवा होता. कोषाध्यक्षांना दोन्ही नको होते. ताईंना वर्गाचा आढावा सांगायला बोलावले होते, पण त्यांची पाळी काही येईना. त्या दाराशी ताटकळत उभ्या होत्या. शेजारच्या खोलीत मुले झोपली होती.

ठकी झोपली नव्हती. ती सरकत आत आली, ताईंच्या पायांमागून, थेट माझ्याखाली. वर माझी कड तिला कधीच सापडली नसती. पण माझ्याखाली, मित्रांनो, चार जणांचे गुडघे होते. आणि बसलेल्या माणसाचा गुडघा जेवढ्या उंचीवर असतो, जवळपास तेवढ्याच उंचीवर त्या सुताराने माझी कड ठेवली होती.

ठकीने अध्यक्षांचा गुडघा धरला आणि उठली. ताईंनी ते पाहिले. उचलायला त्या पुढे झाल्या होत्या, त्या जागीच थांबल्या.

अध्यक्षांना काहीतरी लागल्यासारखे वाटले असावे. 'साक्षीदार'ची बाजू मांडता मांडता त्यांनी एका पायावर दुसरा पाय टाकला. ठकी धपकन बसली. पुन्हा सरकली आणि उपाध्यक्षांचा गुडघा धरून उठली. "शी!" म्हणून त्यांनी पाय ओढून घेतला आणि खाली वाकून पाहिले. "अहो ताई, हे काय आलंय इथे?"

"ठकी आहे," ताई म्हणाल्या.

"मग घेऊन जा ना. माझे कपडे बघा, चिकट हात लावले तिने." एवढे बोलून त्या परत 'सोबती'कडे वळल्या. कोषाध्यक्षांनी खाली न बघताच सावधगिरी म्हणून आपली चामड्याची बॅग गुडघ्यांपुढे उभी करून ठेवली. ठकीने बॅग धरून पाहिली. बॅग कलंडली आणि तिसऱ्यांदा ती खाली बसली.

आता एकच जोडी उरली होती. ज्येष्ठ सभासद गाढ झोपले होते. ठकीने त्यांचा गुडघा धरला. तो हलला नाही. ती उठली. गुडघा तसाच. तिने दोन्ही मुठींत त्यांच्या विजारीचा कपडा गच्च पकडला, आणि ते हाडकुळे जुने गुडघे खुंट्यासारखे तिथेच राहिले, कारण त्यांच्या मालकाला कशाचाच पत्ता नव्हता. संस्था स्थापन झाल्यापासून मंडळातला एक माणूस मुलाच्या उपयोगी पडला, आणि तोही झोपेत.

ताई दाराशी हळूच खाली बसल्या. त्यांनी हात पुढे केले. हाक मारली नाही.

ठकीने एक हात सोडला. तो नेहमीच सुटायचा. मग ती बराच वेळ तशीच डुलत राहिली. मग दुसराही सोडला. एक पाऊल. मध्ये काही नव्हते, ना कड, ना गुडघा. दुसरे पाऊल. तिसरे जरा तिरपे गेले. चौथ्याला ती ताईंच्या गळ्यात पडली.

"चालली!" ताईंचा आवाज फुटला. "बघा, बघा, ठकी चालली!"

"एक मिनिट, ताई," अध्यक्ष मान वर न करता म्हणाले. "'साक्षीदार' की 'सोबती', एवढं ठरू द्या."

शेवटी 'साक्षीदार' ठरला. टाळ्या वाजल्या. त्या आवाजाने ज्येष्ठ सभासद जागे झाले, "अनुमोदन" म्हणाले आणि चुरगळलेल्या विजारीकडे नवलाने बघत राहिले.

"हं, आता बोला," अध्यक्ष म्हणाले. "काय म्हणत होतात?"

ताईंनी ठकीला कडेवर घेतले. "काही नाही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ठकीची आई आली. ताईंनी ठकीला खोलीच्या मध्यभागी उभे केले आणि आईला दारातच थांबवले. आईने तोंडावर पदर दाबून धरला आणि तशीच रडत हसत राहिली. ठकी तिच्यापर्यंत पोचली. वाटेत एकदा पडली, पण स्वतःच उठली. ते पाहिले आणि माझ्या आयुष्याचे चीज झाले.

त्यानंतर मी तिला पाहिले नाही. चिकट हातांचा उपद्रव नको म्हणून मंडळाने बैठका अध्यक्षांच्या कचेरीत घ्यायचे ठरवले, आणि फोटोसाठी बदके हवीत म्हणून मलाही सोबत नेले. आता मी तिथेच असते. माझ्यावर काच घातली आहे. आज तुम्ही आलात तेवढेच, एरवी एकही मूल इथे येत नाही. महिन्यातून एकदा हे चौघे माझ्याभोवती बसतात, बालकांविषयी फार सुंदर बोलतात आणि आपली पाठ थोपटून घेतात. उपसमितीचा अजून विचार चालू आहे. ठकी वरच्या वर्गात गेली असेल. जिना चढताना ती काय धरत असेल, एवढेच कधीकधी मनात येते.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही कुठल्यातरी मंडळावर बसाल. तुमच्याही पुढे चहा येईल, कुणीतरी तुमचा फोटो काढेल. तेव्हा मला पुसून चकचकीत ठेवा असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या ठेंगण्यांचे पाय वाढवू नका, एवढे आधी सांगते. आणि टेबलाखाली कुणी तुमचा गुडघा धरून उभे राहत असेल, तर तो हलवू नका. भाषण नाही केलेत तरी चालेल. झोप आली तर खुशाल झोपा.