अज्जांचा होकार

माझ्या अज्जांनी, म्हणजे आजोबा बसप्पांनी, आयुष्यभर घर एकाच शब्दावर चालवलं: न्हाय. दुकानाला काचेचं दार? न्हाय. गोव्याची सहल? न्हाय. सोलापूरच्या उन्हात गिऱ्हाईक भाजून निघायचं, पण आमच्या भुसार दुकानात कूलर आला नाही. गार वाऱ्यानं ज्वारी दमट होते, असं अज्जांचं संशोधन होतं.

त्यातला एक नकार मात्र माझ्या कामाचा होता. माझ्या लग्नाचा विषय निघाला की अज्जा म्हणायचे, “अक्षताचं शिकून होऊ दे, तोवर न्हाय.” तेवढ्यासाठी मी त्यांना कूलर माफ केला होता.

श्रावणात अज्जांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं थांबलं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू उघडून आम्हाला दाखवला. त्याचे भाग वेगवेगळ्या रंगांचे होते. मागच्या भागानं दिसतं, खालच्या लहान मेंदूनं तोल राहतो, डावी बाजू उजवं अंग हलवते. अमरेशकाकांना हे पटलं नाही. डावीकडच्यानं डावीकडचं बघावं, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

मग बाईंनी डावीकडे पुढच्या बाजूला बोट ठेवलं. शब्द जुळवून बाहेर काढायचं काम इथलं, आणि नेमका हाच भाग गेलाय. बोललेलं समजायची जागा त्याच्या मागे, ती शाबूत आहे. म्हणजे अज्जांना सगळं कळतंय, फक्त सांगता येत नाही. एखादा शब्द आपोआप तोंडातून निघेल, त्याला उत्तर समजू नका, असंही त्यांनी दोनदा सांगितलं. काका माना डोलवत होते. मान डोलवणाराही मेंदूत कुठलातरी भाग असणार, आणि काकांचा तो फारच तयार आहे.

आठवड्यानं अज्जांच्या तोंडून शब्द निघाला. “व्हय.” चहा हवा का? व्हय. चहा नको का? व्हय. पाय दुखतो का? व्हय, आणि डोळ्यात पाणी. आमच्या घरात ज्यांना डोळे आहेत त्यांना यातून काय ते कळायला हवं होतं.

कळलं ते भलतंच. काका खुर्चीजवळ बसले आणि काचेच्या दाराचं विचारून घेतलं. व्हय. काकूंनी गोव्याचं विचारलं. व्हय. दुकानात कूलर आला, त्याच्यासमोर काका मालकासारखे बसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “आप्पा आता लई शांत झाल्यात. सगळ्याला परवानगी हाय त्यांची.” माणसाचा मेंदू अर्धा बंद पडल्यावर घरच्यांना तो समजूतदार वाटायला लागला, हा शोध डॉक्टरबाईंच्या पुस्तकात नसावा.

मला पुण्याला एमएस्सीला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात काकांनी माळशिरसचं स्थळ आणलं. ऊस, ट्रॅक्टर, एकुलता एक मुलगा. रीतीप्रमाणे त्यांनी अज्जांना विचारलं. रीतीप्रमाणे अज्जा म्हणाले, व्हय. मी बाबांना डॉक्टरबाईंचं बोलणं परत सांगितलं. बाबा माझ्याकडे बघेनात. थोरल्यांचा शब्द आहे, असं पुटपुटले आणि दुकानात गेले. मला रडू आलं नाही, राग आला. अजून आहे.

सुपारीला पाहुणे आले. आमच्याकडे विडा-सुपारीचं ताट घरातल्या थोरल्यानं मुलाच्या वडिलांच्या हातात द्यायचं असतं. त्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही, आणि ते द्यायचं उजव्याच हातानं. अज्जांचा डावा हात ठणठणीत होता. जेवण ते त्यानंच करायचे. पण डाव्या हातानं सुपारी दिली तर संसाराचं वाटोळं होतं म्हणे. म्हणून काकांनी अज्जांच्या मांडीवर ताट ठेवलं आणि त्यांचा लुळा उजवा हात उचलून ताटावर ठेवला. घरातला जो हात काहीच ठरवू शकत नव्हता, तो शुभकार्याला चालला.

“आप्पा, पोरगी द्यायची न्हवं?” काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“व्हय,” अज्जा म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात अज्जांचा डावा हात उठला. त्यानं उजव्या हाताचं मनगट धरलं, हात ताटावरून उचलला आणि बाजूला ठेवला. काका हसले, म्हणाले हात घसरला, आणि तो परत ताटावर ठेवला. अज्जांनी परत काढला. “व्हय, व्हय,” ते म्हणत होते, मान हलत होती, गालावरून पाणी वाहत होतं. काकांनी तिसऱ्यांदा हात धरला तेव्हा अज्जांनी डाव्या हातानं ताटच ढकललं. सुपाऱ्या सतरंजीवर पसरल्या.

घरात कूलर नसल्यामुळे असेल, पण सगळ्यांना घाम फुटला होता. मुलाचे वडील उठले. अज्जांच्या पुढ्यात वाकले आणि त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला.

“मालक, आमाला कळलं,” ते म्हणाले. मग काकांकडे वळले. “अवो, तोंडापेक्षा हातानं नीट सांगितलं त्यांनी. पोरीला शिकू द्या.”

चहा घेऊन पाहुणे गेले. बाबा सतरंजीवर बसून सुपाऱ्या वेचत राहिले आणि मान खाली घालूनच त्यांनी मला विचारलं, पुण्याला कधी निघायचंय. मी अज्जांजवळ जाऊन बसले.

काका दारात उभे राहून फोनवर कुणाला तरी सांगत होते, “काय न्हाय वो, सोयरीक मोडली. आप्पांचा मेंदू आज पार कामातनं गेला बगा.”