सहाशे चाळीस पावलं

आतली शिवण पंचवीस इंच. गुडघ्याला ठिगळ, टाके घाईचे.

बेकरीवाल्याने बुटांच्या टाचांना खडू फासून भरदुपारी रस्त्यावर सहा फेऱ्या मारल्या. का, ते त्याला तीन दिवस कुणी सांगितलं नाही.

एक पितळी घंटा. पूर्वी तारघराच्या खिडकीत असायची.

"बटणंही खूप आहेत, सर."

एक्केचाळीस नावं, त्यातली तीन अर्धवट.

सहा फूट दोन इंचांचा माणूस पहिल्या रांगेत बसला, की मागच्यांनी मान वाकडी करायची. तक्रार करायची नाही.

आता रांगेने सांगायला हवं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत इतिहास मंडळाची व्याख्यानं होतात. वर्षाला पाच शनिवार. विषय एकच, एकोणिसाव्या शतकात याच माळावर झालेलं युद्ध. दर वर्षी त्याची नवी बाजू. मंडळात माणसं अकरा आणि इतिहासाची पदवी एकाकडेही नाही. अध्यक्ष म्हणजे सर. शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि निम्म्या शहराला त्यांचा धाक अजून आहे.

टण्.

निम्म्या शहराला नाही. मोजलेलं नाही. पण बँकेतला साहेब त्यांना बघून सिगारेट पाठीमागे लपवतो, हे तिघांनी पाहिलंय.

तर ही घंटा. मंडळाचा हा नियम दुसरीकडे कुठे नसेल. तारघरातून निवृत्त झालेले घंटाकाका पहिल्या रांगेत घंटा मांडीवर घेऊन बसतात. वक्ता पुराव्याशिवाय काही बोलला की टण्. मग त्याने एक तर कागद दाखवायचा, नाही तर सरळ म्हणायचं, "माहीत नाही." आणि "माहीत नाही" म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात. एकदा एक पाहुणे प्राध्यापक पाऊण तासात एकोणीस वेळा टणटणले आणि चहा न घेता गेले. सर स्वतः मात्र एकवीस वर्षांत दोनदाच.

चौथ्या शनिवारचं व्याख्यान यंदा टेपताईकडे होतं. टेपताई म्हणजे बाजारातल्या शिवणदुकानाची मालकीण. गळ्यात टेप कायम. झोपतानाही काढत नाही, असं तिची सासू सांगते. आठवीत गणितात नापास झाल्यावर तिने शाळा सोडली, तेव्हा सर घरी येऊन म्हणाले होते, "आकडे तुला कळतात. फळ्यावरचे कळत नाहीत, एवढंच." त्या एका वाक्यावर तिने दुकान काढलं. मंडळातही त्यांनीच आणलं. विषय दिला, सैनिकांचे कपडे. मंडळाच्या कपाटात डांबरगोळ्यांमध्ये सात पँटी होत्या. त्या दुरुस्तीला म्हणून तिच्या दुकानी आल्या.

तिने आधी त्या मोजल्या. हाताची सवय, दुसरं काय. सातव्या पँटीच्या कमरपट्टीत आत शाईने एक नाव होतं. वाचलं आणि तिच्या हातातली खडूची वडी टेबलावरून घरंगळत खाली गेली.

ते हवालदाराचं नाव होतं.

हवालदार म्हणजे ज्याच्या डायरीवर मंडळ उभं आहे तो. लढाईच्या दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं: "गिरणीच्या भिंतीला पाठ लावून, खिंडीकडे तोंड करून सहाशे चाळीस पावलं मी मोजली. तिथे एकाच चरात एक्केचाळीस जणांना ठेवलं." सरांनी ती सहाशे चाळीस पावलं चालून जागा शोधली होती. बारा वर्षांपूर्वी तिथे दगड बसला, नावं कोरली गेली. मेलेल्यांच्या घरचे वंशज लांबून येतात, दगडाला हात लावून उभे राहतात.

पावलं हवालदाराची. चालले सर.

त्या सातव्या पँटीची आतली शिवण, जांघेपासून घोट्यापर्यंत, पंचवीस इंच; म्हणजे माणूस फार तर पाच फूट. टेपताईच्या गिऱ्हाइकांत या मापाचा एकच, बेकरीवाला. त्याला तिने खडू लावून चालवलं, खुणा मोजल्या. पाऊल चोवीस इंच. सरांचं पाऊल मंडळाच्या नोंदवहीत लिहिलेलंच होतं, एकतीस. फरक सातचा. सात गुणिले सहाशे चाळीस. तिने गुणाकार तीनदा केला. पावणेचारशे फुटांना थोडं कमी.

दगड चुकीच्या जागी होता.

"मग सांग की," सासूबाई म्हणाल्या. त्या काजं करत होत्या, मान वर केली नाही.

"सरांचा दगड आहे हो तो. सगळ्यांसमोर मी त्यांना खोटं पाडू?"

"गिऱ्हाइकाचं माप चुकलं तर काय करतेस?"

"उसवते."

"रडत रडत?"

"सासूबाई, तुम्ही काजं करा."

गुरुवारी ती सरांकडे गेली. सर पाचव्या व्याख्यानाचे कागद लावत होते. विषय होता तोच, चर आणि दगड.

"काय गं, सुई गिळल्यासारखं तोंड का?"

"सर, तुमची आतली शिवण किती?"

"हे विचारायला घरी आलीस?"

मग तिने सगळं सांगितलं. पँट पुढे ठेवली. सर्वांत शेवटी बेकरीवाल्याचे आकडे.

सरांनी कमरपट्टी उलटून नाव वाचलं. मग म्हणाले, "लष्करात पाऊल ठरलेलं असतं. तीस इंच. उंची कितीही असो."

"कवायत शिकलेल्यांचं. हे सैन्य पाच आठवड्यांत उभं केलेलं, विणकर आणि गवंडी. कवायतीचं पुस्तक यांच्यापर्यंत पोचलंच नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"मी कधी म्हणालो?"

"दोन वर्षांपूर्वी. नोंदवही, पान चौदा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शनिवारी सांगणार?"

"नाही. बटणांवर बोलीन. बटणंही खूप आहेत, सर. पितळेची, हाडाची, एक तर चक्क..."

"जा तू आता," सर म्हणाले.

त्या आवाजात राग होता की काय, तिला कळेना. रस्ताभर ती स्वतःला कोसत राहिली. जो माणूस आपल्याला आकडे कळतात म्हणाला, त्याच्यावरच आपण आकडे फिरवले. आता मंडळ सुटलं, सरही तुटले, असं तिच्या मनाने घेतलं.

शनिवारी वरची खोली भरली. त्रेपन्न माणसं, सह्यांची वही साक्षीला आहे. सर पहिल्या रांगेत, घंटाकाकांशेजारच्या नेहमीच्या खुर्चीत, चेहरा कोरा. टेपताई उभी राहिली आणि बटणांवर बोलू लागली. हाडाची बटणं पाण्यात कशी फुगतात. पितळेची का काढून ठेवायचे. वीस मिनिटं झाली, घंटा एकदाही वाजली नाही. सगळं खरं होतं. कुणीतरी जांभई दिली.

टण्.

घंटाकाका दचकले. घंटा त्यांच्या मांडीवर नव्हती. सरांनी हात लांब करून ती उचलली होती.

"बाई, मुद्द्यावर या," सर म्हणाले.

"सर, हे नियमात बसत नाही," घंटाकाका उठून उभे राहिले. "बाईंचं बटणांचं सगळं पुराव्यानिशी आहे!"

"पुरावा नसताना बोललं तर घंटा, बरोबर? मग पुरावा असून गप्प बसलं तर? आजपासून त्यालाही. लिहून घ्या."

"सभा घ्यावी लागेल त्याला."

"घेऊ. बाई, सातवी पँट दाखवा."

टेपताईने पँट उलगडली. गळ्यातली टेप हातात घेतली. तिने मोजून दाखवलं, कमरपट्टीतलं नाव वाचलं, बेकरीवाल्याला उभं केलं ("अच्छा, त्यासाठी होतं होय ते!" तो ओरडला) आणि शेवटी फळ्यावर गुणाकार मांडला. फळ्यावरचा. हातचे घेत, मोठ्याने.

सर उठले. फळ्याजवळ गेले, गुणाकार वरून खाली तपासला आणि कोपऱ्यात खडूने बरोबरची खूण केली. मग लोकांकडे वळले.

"बारा वर्षं मी माझी तंगडी हवालदाराला लावली," ते म्हणाले. "पुढचं व्याख्यान या खोलीत नाही. गिरणीच्या भिंतीपाशी. चालायचे बूट घालून या. आणि टेपताई, मला चोवीस इंचांचं काहीतरी शिवून दे, पायात बांधायला. माझ्या पायांवर माझा भरवसा नाही."

पाचव्या शनिवारी सगळं शहर लोटलं.

टण्. एकशे बारा.

टेपताईने जाड फितीची दोन पायबंदं शिवली होती, घोट्यांना बटणांनी लागणारी, मध्ये चोवीस इंचांची पट्टी. खाली बसून तिने ती सरांना बांधली.

"सर, मी चालतो ना," बेकरीवाला म्हणाला. "माझे पाय आयतेच त्या मापाचे. तुम्ही पडाल."

"चूक माझ्या पायांनी केली, त्यांनाच निस्तरू दे. तू शेजारून चाल, वेगळा मोज. दोघांचं जुळतं का बघू."

सरांनी भिंतीला पाठ लावली, खिंडीकडे बघितलं आणि निघाले. सहा फूट दोन इंचांचा माणूस, एवढी छोटी पावलं. पहिल्या वीस पावलांत काही जण हसले, मग कुणी हसलं नाही. लोक मोठ्याने मोजत मागून येत होते. दोनशे बारावर पट्टीला झटका बसून सर गुडघ्यावर आपटले. टेपताई धावली.

"हात लावू नकोस, आकडा चुकेल," सर म्हणाले आणि आपले आपण उठले. घंटाकाकांनी वहीत लिहिलं: "दोनशे बारा, पडले. मोजणी चालू."

चारशेनंतर मोजणाऱ्यांचे आवाज आपोआप खाली आले. सहाशे चाळीसला सर थांबले. बेकरीवाला त्यांच्या पुढे अकरा फुटांवर थांबला होता.

आसपास काहीच नव्हतं. पाण्याची टाकी, तिच्यामागे टाकून दिलेल्या सायकली आणि गवत. लांब, पावणेचारशे फुटांवर, दगड दिसत होता.

"इथेच होते ते!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

घंटाकाकांच्या आधी सर बोलले. "इथे असावेत. अकरा फूट इकडे किंवा तिकडे. खणायची परवानगी मिळून तज्ज्ञ येईपर्यंत, माहीत नाही."

टाळ्या सुरू झाल्या त्या बराच वेळ थांबेनात. सरांनी हाताने थांबवल्या.

"मग दगड इकडे आणायचा?" घंटाकाकांनी विचारलं.

"नक्की होईपर्यंत नाही. एकदा घाई केली, पुरे. तोवर दगडाशेजारी पाटी लावा. लिहा: ही जागा बहुधा चुकीची आहे. खाली माझं नाव. आणि बरोबर माप कुणी काढलं, त्या बाईंचं."

"माझं नको हो, सर," टेपताई म्हणाली.

"का? पुरावा नाही?"

ती खाली बसून त्यांच्या घोट्यांची बटणं सोडवू लागली. पट्टीखाली कातडी सोलवटून निघाली होती, दोन्ही पायांची. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तोल सांभाळला आणि हळूच विचारलं, "गुणाकार पाठ करून आली होतीस ना?"

"तीनदा केला होता."

"मी चार वेळा केला. गुरुवारी, तू गेल्यावर."

पाटी महिन्याभरात लागली. वंशज अजून येतात. आधी दगडापाशी जातात, पाटी वाचतात, मग टाकीमागच्या गवतात जाऊन उभे राहतात. सायकली मंडळाने उचलल्या.

मंडळ निघायच्याही आधी सर पहिल्यांदा तो माळ मोजायला गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि आकडे लिहून घ्यायला बरोबर कुणी नव्हतं.